गाठीचा बाण

वहिनी तिखट कानाची होती, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघायच्या आत ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची. नम्रपणाचं आणि तिचं कधी फारसं जमलं नाही. घरामागच्या दोन खोल्यांत तिचा नि तिच्या नवऱ्याचा बाणांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांब टेबल, राळ वितळवायची शेगडी आणि कितीही झाडलं तरी पायाखाली कुरकुरणाऱ्या दगडाच्या कपच्या. नवरा गारगोटी फोडून टोकदार पाती घडवायचा. वहिनी लाकडी काड्या तासून सरळ करायची, मागे पिसं लावायची, पुढे पातं राळेनं बसवून त्यावर तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी, घट्ट गुंडाळायची. फार जुन्या काळचे शिकारी वापरत तसे दगडी टोकाचे बाण, अगदी हुबेहूब. संग्रहालयं ते मागवायची, कधी एखादी नाटक कंपनी, कधी कुणी हौशी माणूस.

बाण मारून बघायचं काम नणंदेचं. नणंद वहिनीपेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि हातभर उंच. कारखान्याच्या दारातून तिला मान वाकवूनच यावं लागे. तरी लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं, घरात सगळे तिला चिमणीच म्हणत. धनुष्य धरायला तिला वहिनीनंच शिकवलं होतं, आणि शिकवताना इतकं रडवलं होतं की दुसरी एखादी पोर पळूनच गेली असती.

आता कानाचं काय, ते सांगायला हवं. काडीला बारीक चीर गेली तर ती डोळ्यांना दिसत नाही. काडी कानाशी धरायची, दोन्ही हातांनी हलकेच वाकवायची, थोडी फिरवायची, पुन्हा वाकवायची. धड काडी मुकी राहते. चिरलेली काडी ‘टिक्’ करते, तेही इतकं हळू की शेजारी पंखा चालू असला तर विसरा. वहिनी पंखा बंद करायची, नवऱ्याला ठोकाठोकी थांबवायला लावायची, आणि डोळे मिटून एकेक काडी ऐकायची. पास झालेल्या काडीला पिसांच्या जरा पुढे लाल दोऱ्याची एक गाठ मारायची. गाठ म्हणजे वहिनीचा शब्द. गाठीचा बाण पुन्हा वाकवून बघायचा नाही, असा घरचा रिवाजच पडून गेला होता. एकदा नवऱ्यानं गंमत म्हणून वाकवून पाहिला, तर पुढचे दोन दिवस त्याच्याशी ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच बोलणं झालं.

एवढा कडकपणा उगाच आलेला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी धनुष्य वहिनी ओढायची. एका सकाळी तिनं न ऐकलेली एक काडी दोरीवर चढवली आणि सोडली. चिरलेली काडी सुटताना मधेच मोडते, आणि दोरीचा सगळा जोर मागच्या तुकड्याला पुढे ढकलतो. पुढे काय असतं? धनुष्य धरलेला डावा हात. वीतभर लाकूड अंगठ्याच्या मुळाशी शिरलं आणि तळव्यातून बाहेर आलं. दवाखान्यात पोचेपर्यंत चिमणीनं स्वतःच्या ओढणीत तो हात धरून ठेवला होता. तेव्हापासून वहिनीचा डावा अंगठा वाकत नाही आणि धनुष्याला तिनं पुन्हा हात लावलेला नाही. लोकांना ती सांगायची, वय झालं. खरं कारण भीती होतं.

तर त्या दिवशी, अकराच्या सुमाराला, वहिनी संग्रहालयाची पेटी भरत बसली होती. मागणी सोळा बाणांची होती. बारा मारायचे आणि चार काचेच्या कपाटात मांडायचे. जनावराच्या कातड्यावर आणि हाडावर आदळल्यावर दगडी पातं कुठे नि कसं मोडतं, हे संग्रहालयाच्या बाईंना बघायचं होतं. त्याची मुख्य तारीख परवाची. आज चिमणी ते बारा बाण घेऊन सराव करायला गेली होती, आणि बाई उत्साहानं तिकडेच पोचल्या होत्या.

कपाटाचे चार बाण कापडावर मांडताना वहिनीचा हात थबकला. चौथा बाण तिचा नव्हता. म्हणजे होता तिनंच केलेला, पण तो मारायच्या बारांपैकी होता आणि त्याच्या पात्याचा कोपरा उडाला होता.

“अहो, हा इथं कसा?”

नवऱ्यानं मांडीवरच्या गारगोटीवरून मान वर केली. “चिमणीच्या हातून पडला सकाळी. पातं गेलं. म्हणून तिनं कपाटातल्यांपैकी एक नेला.”

“कुठला?”

“तो नाही का, मागे जाड तात गुंडाळलेला. फार देखणा झालाय म्हणाली. वहिनीनं या एकावर एवढी मेहनत घेतली आणि तो काचेत जाऊन बसणार, हे काही बरोबर नाही म्हणाली.” तो हसला. “मी म्हटलं, ने बाई. तुझ्या वहिनीचं कौतुक तू नाही करणार तर कोण करणार?”

वहिनीनं हातातला बाण खाली ठेवला. ती जाड तात देखणेपणासाठी गुंडाळलेलीच नव्हती. ती काडी सगळ्यांत सरळ, सगळ्यांत गुळगुळीत निघाली होती आणि शेवटी कानाशी धरली तर ‘टिक्’. टाकून द्यायचं जिवावर आलं. कपाटातला बाण काही कुणी मारणार नाही, असं म्हणून तिनं चिरेवर दुहेरी तात चढवली, वर गडद लाख दिली आणि चीर पार झाकून टाकली. यात लबाडी काही नव्हती. पण नवऱ्याला किंवा चिमणीला तसं सांगावं, हेही तिला सुचलं नव्हतं.

“पण तुम्ही दिलाच कसा? गाठ बघायची ना! कपाटाच्या बाणांना मी गाठ मारते का कधी?”

“गाठ होती की.” नवरा आता हसत नव्हता. “गाठ होती म्हणूनच ने म्हटलं. बाकी तिघांना नव्हती, त्या एकालाच होती.”

वहिनीला तो बाण केला ती दुपार आठवली. कानाला फोन, पलीकडे बहीण तिच्या सुनेच्या तक्रारी सांगतेय, आणि हात आपले तात गुंडाळतायत, लाख लावतायत. त्या हातांनी नऊ वर्षं एकच शेवट केला होता. तात झाली की लाल दोरा, दोरा झाला की गाठ. डोकं बहिणीच्या सुनेत गुंतलेलं आणि हातांनी आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं होतं. ती गाठ मारल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं.

“ती काडी चिरलेली आहे,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

नवऱ्याच्या हातातली गारगोटी खाली पडली. “फोन कर. आधी फोन कर.”

फोन वाजत राहिला. वाजणारच, कारण सरावाच्या वेळी सगळे फोन आवाज बंद करून पत्र्याच्या डब्यात टाकायचे, हा नियमही वहिनीचाच. दोरी ओढलेली असताना फोन वाजला आणि माणूस दचकलं तर बाण कुठे जाईल याचा नेम नाही, असं तीच सगळ्यांना ठणकावून सांगायची. संग्रहालयाच्या बाईंचाही फोन उचलला गेला नाही. बाई नियमाच्या फार पक्क्या होत्या. नवरा स्कूटरची किल्ली शोधायला लागला, आणि मग दोघांनाही एकदमच आठवलं की स्कूटर चिमणी घेऊन गेली आहे. नवऱ्याचा गुडघा असा की त्याला जिना उतरायलाच दोन मिनिटं लागत.

वहिनी तशीच पळाली, पायात घरातल्या सपाता आणि पदराला राळेचे डाग.

सरावाची जागा म्हणजे गल्ली संपते तिथली एक बंद पडलेली वखार. चालत दहा मिनिटं. वहिनीनं वयाच्या पन्नाशीत पळायला घेतलं आणि पहिल्या वळणावरच तिच्या बरगडीत कळ उठली. टायरवाल्यानं दुकानाबाहेर टायरांची चळत लावून अर्धा रस्ता अडवला होता. पुढे सामानाचा टेम्पो आडवा लागलेला, आणि दोन माणसं एक मोठा आरसा इतक्या सावकाश उतरवत होती की त्यांना धक्का मारावा असं तिला वाटलं. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो बघून तिची भीती दुप्पट झाली. “वहिनी, काय झालं हो?” टायरवाला मागून ओरडला. तिला उत्तर द्यायला श्वास नव्हता.

सारखे तिच्या डोळ्यांपुढे हात येत होते. चिमणीचे हात लांब, निमुळते, बोटांना जराही कंप नाही. त्या डाव्या हातात वीतभर लाकूड. स्वतःच्या हाताचं दुखणं ती एकदा सोसून बसली होती, पण हे दुखणं तिला सोसवेल असं वाटेना. बारा बाण. त्यातला एक. पहिलाच घेतला असेल का? देखणा आहे म्हणून पहिला? की देखणा आहे म्हणून शेवटी राखून ठेवला असेल? चिमणी लहानपणी ताटातलं आवडतं शेवटी खायची. वहिनी ही एवढीशी आशा मुठीत धरून पळत राहिली.

वखारीचं मोठं दार लोटलेलं होतं. आतून किंकाळी आली नव्हती, कुणी धावपळ करत नव्हतं. वहिनीनं दार ढकललं.

चिमणी रेघेवर उभी होती, दाराकडे पाठ करून, आणि दोरी तिच्या गालापर्यंत ओढलेली होती.

वहिनीचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोरी ओढलेली असताना कुणी ब्र काढायचा नाही. अगदीच गरज पडली तर फक्त ‘परत’ म्हणायचं, म्हणजे बाण न सोडता दोरी सावकाश पुढे आणायची. पण तेही न दचकवता, हळू. पळून आलेल्या तिच्या छातीतून हळू असं काही निघण्यासारखं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

दोरी सुटली. पलीकडे ताणलेल्या कातड्यात ‘थप्’ असा भरीव आवाज झाला. चिमणीचा डावा हात जागच्या जागी, धड, धनुष्य धरून.

आता बोलायची वेळ होती. चिमणीचा पुढचा बाण यायला चार-पाच श्वासांचा अवधी जातो. जमिनीत रोवलेल्या नळकांड्यात तिचे बाण उभे असत. वहिनीनं नजर टाकली. चार उरले होते. म्हणजे आठ सुटले. भिंतीशी वही घेऊन उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी तिला पाहिलं, त्यांचा चेहरा खुलला, आणि ओठांवर बोट ठेवून त्यांनी तिला आत यायची खूण केली. याच बाई मागच्या खेपेला चारचौघांत म्हणाल्या होत्या, की बाकी सगळं मी तपासून घेते, या बाईंची गाठ मात्र डोळे मिटून.

आठ सुटले, वहिनीच्या मनात आलं. आठांतच तो गेला असेल. गेला असेल आणि निभावलाही असेल, चिरलेल्या काड्या एखाद्या वेळी निभावून नेतात. तसं असेल तर कुणाला काही सांगायची गरजच काय? नंतर कातड्यातून बाण काढताना मी तो हळूच बाजूला करीन. कुणाला कळणार नाही.

चिमणीनं हात खाली नेऊन एक बाण उचलला. तिच्या दंडाआड तो दिसला नाही. वहिनी दोन पावलं बाजूला सरकली, तरी दिसला नाही. आता बोल, तिनं स्वतःला सांगितलं. नुसतं ‘चिमणे’ म्हण. जीभ टाळूला चिकटली होती. दुसरं काही झालं नव्हतं. कुणी तिचा गळा दाबला नव्हता. बाईंची वही उघडी होती आणि बाई तिच्याकडे बघून अजून हसत होत्या.

चिमणीनं बाण लावला, ओढला, सोडला.

‘थप्.’

वाचली. पण हायसं वाटायच्या आत चिमणीचा हात पुन्हा नळकांड्याकडे गेला, आणि या खेपेला बाण वर येताना वहिनीला स्पष्ट दिसला. पिसांपुढे गडद, जाड, चकचकीत तात. तिच्यापुढे लाल गाठ. चिमणीनं त्या तातेवरून अंगठा फिरवला, कौतुकानंच, आणि बाण दोरीवर चढवला.

वहिनीला वाटलं आपण ओरडलो. आवाज आलाच नाही. दोरी मागे यायला लागली, हनुवटी, ओठ, गाल. ओरडलं तर ती दचकेल आणि बोटं सुटतील. नाही ओरडलं तरी बोटं सुटणारच आहेत.

“परत!” वहिनी ओरडली. हळू नाही, न दचकवता नाही, चांगली घसा फाटेपर्यंत. “चिमणे, परत! परत!”

चिमणीचे खांदे दचकून हलले. संग्रहालयाच्या बाईंच्या हातून वही पडली. बाणाचं टोक कातड्यावरून छपराकडे गेलं, पुन्हा खाली आलं. बोटं सुटली नाहीत. वहिनीनंच रडवून रडवून शिकवलेली बोटं ती. दोरी इंच इंच करत पुढे आली, सैल झाली, आणि चिमणीनं बाण काढून हातात घेतला.

मग ती वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “वेड लागलं का तुला? कुणी असं ओरडतं?”

वहिनीनं तिच्या हातातून बाण ओढूनच घेतला, कानाशी धरला आणि वाकवला. कानाशी धरायची गरज नव्हती. वखारीत इतकी शांतता होती की ‘टिक्’ तिघींनाही ऐकू आलं.

चिमणीनं बाणाकडे पाहिलं. गाठीकडे पाहिलं. मग धनुष्य उजव्या हातात घेऊन आपला डावा हात तिनं उजव्या काखेत दाबून धरला.

“चूक माझी,” वहिनी म्हणाली. ती धापा टाकत, तोडत तोडत सगळं सांगत गेली. चीर, दुहेरी तात, फोन, बहीण, आपोआप पडलेली गाठ. बाईंसमोरच सांगितलं. सांगताना लाज वाटली, पण चिमणीचे दोन्ही हात धडधाकट होते आणि त्यापुढे लाजेचं काही वाटेनासं झालं. “देवाची कृपा म्हणून वेळेवर पोचले. घरापासून पळत आले बघ.”

बाईंनी वही उचलली. “मी बाहेर थांबते,” त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

वहिनीनं चिमणीच्या पाठीवरून हात फिरवायला हात उचलला, तशी ती किंचित बाजूला झाली.

“तू कधी आलीस?”

“आत्ताच. हे काय, आले आणि ओरडलेच.”

“नाही.” चिमणीचा आवाज चढला नाही. “दार उघडलं तेव्हा समोर कातड्यावर उजेडाची पट्टी पडली. माझी दोरी ओढलेली होती तेव्हा. तेव्हा तू गप्प राहिलीस ते बरोबरच केलंस, तूच तसं शिकवलंयस. पण त्यानंतर मी धनुष्य खाली आणलं, श्वास घेतला, नवीन बाण उचलला. चांगला वेळ होता. तो बाण मी सोडला, वहिनी. तू मागे उभी होतीस.”

वहिनीच्या तोंडात दम लागल्याचं कारण तयार होतं. तेवढ्यावर भागलंही असतं. पण चिमणी तिच्या डोळ्यांत बघत होती.

“मला वाटलं, तो आधीच जाऊन चुकला असेल,” ती म्हणाली. “मग कुणाला सांगायला नको, असं वाटलं.”

“आणि तोच असता तर?”

वहिनीनं मान खाली घातली.

“माझ्या हाताचं वाटोळं झालं असतं, आणि मी खाली पडून ओरडत असते. तू धावत माझ्याजवळ आली असतीस. ओढणी बांधली असतीस, दवाखान्यात नेलं असतंस, उशाशी बसून राहिली असतीस. ते सगळं तू केलं असतंस, मला माहितीये. पण मी विचारलं असतं, वहिनी, तू कधी आलीस, तर तू काय म्हणाली असतीस?”

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. वहिनीला खोटं बोलायचं होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

“आत्ताच आले, असंच म्हणाले असते,” ती म्हणाली.

चिमणीनं मान हलवली. तिनं धनुष्य भिंतीला टेकवून ठेवलं, डब्यातून आपला फोन घेतला आणि मान न वाकवता त्या उंच दारातून बाहेर निघून गेली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनी जाऊन कातड्यासमोर उभी राहिली. त्यात नऊ बाण रुतले होते, सगळे चांगले, सगळे गाठीचे. आपण गप्प बसलो तेव्हा सुटलेला बाण यातला कुठला, हे तिनं शोधायचा प्रयत्न केला, पण तिला ओळखता आलं नाही.